चौथ्या कथेतली शेळी

परभाषेतला चित्रपट कळायला ती भाषा यावी लागत नाही. घरात केळशीची एक आत्या असली की पुरतं.

आमच्या रत्नागिरीत एक चित्रपट मंडळ आहे. आधी चित्रपट ठरतो, सगळ्यांनी तो आपापल्या घरी बघायचा आणि रविवारी सकाळी जमून चर्चा करायची. या मंडळात मी वर्षानुवर्षं फक्त आभार मानत आले. (बायकांचा आवाज आभाराला शोभतो, असं अध्यक्षांचं मत.) यंदा पहिल्यांदाच मुख्य भाषण माझ्याकडे आलं: एका पोर्तुगीज चित्रपटाची बलस्थानं आणि उणिवा. हे फसलं की मी पुन्हा आभारावर जाणार होते, आणि या खेपेला कायमची.

चित्रपट भलताच गुंतागुंतीचा. एक नर्स, एक टॅक्सीवाला, एक बेकरीवाला. तिघांच्या तीन कथा, एकमेकींत शिरलेल्या. खाली इंग्रजी ओळी पळत होत्या. एक ओळ अर्धी वाचून होईतो बोलणारा माणूस खोलीतून निघून गेलेला! आमच्या ह्यांच्या आत्या डोळे तपासायला केळशीहून आल्या होत्या. त्यांना ओळी दिसतच नव्हत्या, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. बेकरीवाला 'बटाटा' म्हणाला तेव्हा तर ही माणसं आपलंच बोलतायत असं ठरवून त्या ऐसपैस मांडी घालून बसल्या.

आत्यांची रीत एकच. पडद्यावर नवा माणूस आला की, "हा कुणाचा?" गावी अनोळखी पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी विचारतात तसं. उत्तर नाही मिळालं तर त्या स्वतःच नातं लावून मोकळ्या. टॅक्सीवाला नर्सचा चुलतभाऊ ठरला, बेकरीवाला त्याचा सासरा. गंमत म्हणजे त्यामुळे मला चित्रपट कळायला लागला.

शेवटाकडे लाइट गेली. परत आली तेव्हा ह्यांनी रिमोटची दोन-चार बटणं दाबली, पोर्तुगीज ऐकू आलं, आणि तेच लागल्याचं ह्यांनी जाहीर केलं. पडद्यावर समुद्र, एक म्हातारा आणि त्याची शेळी.

"हा कुणाचा?" आता मीच विचारलं.

"अगो, त्या नर्सबाईचा बाप," आत्या म्हणाल्या. "पोर गेली शहरात नोकरीला, हा गावी एकटा. बोलणार कुणाशी? म्हणून शेळीशी बोलतोय."

आत्यांचे दोन्ही मुलगे मुंबईत असतात. त्यांनी पदराने डोळे टिपले, मलाही भरून आलं. चौथी कथा मी अगदी जीव लावून पाहिली.

रविवारी मी बोलले, आणि छान बोलले. उणिवा सांगितल्या: बेकरीवाल्याची कथा मधेच सैलावते, आणि आपल्या मारुती मंदिरच्या चौकात उभं राहिलं की कुणीतरी ओळखीचं भेटतं हे ठीक, पण एवढ्या मोठ्या शहरात ज्याला त्याला तीच टॅक्सी कशी मिळते? बलस्थान असं, की आपली आयुष्यं जोडलेली आहेत हे त्या माणसांना शेवटपर्यंत कळत नाही, फक्त आपल्याला कळतं. आणि सगळ्यांत मोठं बलस्थान म्हणजे ती शेळी. बाप-लेकीची भेटच न दाखवण्याचं केवढं धाडस! टाळ्या पडल्या. अध्यक्ष उठून म्हणाले, शेळी हे एकाकीपणाचं प्रतीक आहे. खजिनदारांना ती मातृत्वाचं प्रतीक वाटली. (त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली.)

मागच्या रांगेत नव्याने सभासद झालेल्या, दातांच्या डॉक्टर असलेल्या बाई बसल्या होत्या. कुठली शेळी, असं त्यांनी हळूच विचारलं. असे चित्रपट मोबाइल बाजूला ठेवून बघायचे असतात, हे मी त्यांना मोठ्या प्रेमाने समजावलं.

घरी येऊन त्याच आनंदात शेळी पुन्हा बघायला बसले. नर्स टॅक्सीत बसली, टॅक्सी बेकरीसमोर थांबली आणि पडद्यावर नावं सरकू लागली. शेळी होती ती दुसऱ्याच चित्रपटात. ह्यांना नेमकी तेव्हाच भाजी आणायची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंचा फोन. "काकू, मी पुन्हा सगळा बघितला. शेळी काही सापडत नाही. माझं काय चुकतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाइट, रिमोट, आत्या, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"पण काकू," त्या म्हणाल्या, "मग अध्यक्षांनी कुठली शेळी बघितली?"

तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. त्या अख्ख्या सभेत शेळी निदान डोळ्यांनी पाहिलेली मी एकटीच होते.