आडव्या न येणाऱ्या गाठी

थोरल्याच्या दोन्ही हातांवर गाठी होत्या. उजव्या मनगटाच्या वर एक लिंबाएवढी, कोपराखाली बोरांएवढ्या दोन-तीन, डाव्या हातावर तशाच आणखी काही. कातडीखाली मऊ, बोटाने ढकललं की सरकायच्या, दुखायच्या मात्र नाहीत. बापालाही होत्या. बाप गेल्यावर केस कापायचं दुकान दोघा भावांत सामाईक राहिलं, पण गाठी सगळ्या थोरल्याच्या वाटणीला आल्या आणि नाकडोळे धाकट्याच्या. हा विनोद थोरला स्वतःच करायचा, तोही गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावून झाल्यावर, म्हणजे बिचाऱ्याला धड हसता येऊ नये.

या धंद्यात कारागिराचा हात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे चार बोटांवर असतो. त्यामुळे नवा माणूस एकदा तरी विचारायचाच.

“हे काय हो?”

“चरबी.”

“चिकटतं का?”

“चिकटत असतं तर बायको कधीच माहेरी गेली असती.”

दुकानाच्या उंबऱ्यावर एक म्हातारा कुत्रा पडून असायचा. गल्लीतलाच, पण इतका ऐसपैस पसरायचा की सगळे त्याला शेठ म्हणायचे. शेठच्या पुढच्या पायामागे, बरगडीवर, मोसंब्याएवढी गाठ होती. थोरल्यानेच त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने सुई घालून थोडं बाहेर काढलं, काचेवर घेऊन तपासलं आणि म्हणाला, “साधी चरबी आहे. वाढायला लागली किंवा कडक झाली तर घेऊन या. चालताना आडवी येते का?”

“नाही.”

“मग राहू दे. म्हाताऱ्या जिवाला भूल कशाला द्यायची?”

शेठची गाठ सगळ्यांच्या लाडाची होती. आत येता येता माणसं वाकायची, ती चाचपायची, “अरेरे, बिचारा!” म्हणायची, खिशातून बिस्किटं काढायची. आणि तोच माणूस खुर्चीत बसला, थोरल्याचा हात त्याच्या गालाजवळ आला, की त्याची मान किंचित मागे जायची. निदान थोरल्याला तसं दिसायचं. एकदा दिसायला लागलं, ते मग रोजच दिसायला लागलं.

दुकान नवं करायचं धाकट्याच्या मनात बरेच दिवस होतं. आरसे बदलले, दिवे बदलले, भिंतीवर कोरीव दाढीचे तरुण लागले. मग एका दुपारी दुकानात कुणी नसताना तो थोरल्याजवळ येऊन उभा राहिला.

“दादा, एक बोलू? गिऱ्हाइकं बोलतात.”

“काय बोलतात?”

“तुझ्या हातांबद्दल. दाढी करताना अगदी तोंडासमोर येतं ना ते. किळस येते म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“आता नावं कशाला घ्यायला लावतोस? म्हणतात.”

थोरल्याने दुसऱ्या दिवसापासून लांब बाह्यांचा सदरा घातला. भर उन्हाळ्यात. बाह्या फेसाने भिजायच्या, कफांत केस अडकायचे, मनगटाला खाज सुटायची. धाकटा महिनाभर काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाही गालाला लागते म्हणतात. दादा, तू गल्ल्यावर बस ना. मोठा आहेस, शोभतं तुला.”

थोरला गल्ल्यावर बसला. टॉवेलच्या घड्या घालायला लागला. आपली खुर्ची त्याला तिथून आरशात दिसायची, रिकामी. ती आज ना उद्या परत मिळेल, एवढ्या एका आशेवर तो रोज येत होता.

मग मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, आणि काळे केस पांढरे होईपर्यंत थोरल्याशिवाय कुणाला डोक्याला हात लावू न दिलेले. ते आले, थोरल्याकडे न बघता सरळ धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी थोरला जेवला नाही. बायको ताट समोर ठेवून म्हणाली, “एवढी दुसऱ्या कुणाच्या अंगात चरबी असती तर भावाला आडवा केला असता. तुमची सगळी गाठींत जमा झाली, अंगात म्हणून काही उरलीच नाही.”

“मास्तरसुद्धा गं,” एवढंच तो म्हणाला.

“मास्तरांना विचारलंत?”

“काय विचारू? माझी किळस येते का हो, असं?”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गाठी शांतपणे दाबून, सरकवून पाहिल्या. “साध्याच आहेत. बापाकडून आल्यात, काही नाही. काम करताना आडव्या येतात का?”

“येतात. पोटावर येतात.”

“पोटावर कुठे?” त्यांनी सदरा वर करायला हात पुढे केला.

“पोटावर म्हणजे धंद्यावर हो, बाई.”

त्या हसल्या नाहीत. उजव्या मनगटाची गाठ नसेला लागून आहे, काढताना नस दुखावली तर हाताचा काही भाग बधिर होईल, कधीकधी कायमचा. शिवाय काढल्या तरी दुसरीकडे नव्या येऊ शकतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. थोरल्याने दोन्ही वेळा मान हलवली. त्याच्या कानांत वेगळंच चाललं होतं. गाठी नाहीत म्हटल्यावर कारण नाही. कारण नाही म्हटल्यावर खुर्ची.

धाकट्याला सांगितलं तेव्हा त्याने हातातला कंगवा खाली ठेवला. “कशाला रे दादा?” म्हणाला. पण अडवलं नाही. उलट, “चांगला आराम कर, घाई करू नकोस,” म्हणाला.

टाके निघाले. हात पट्टीसारखे सरळ दिसायला लागले, वर तेवढे गुलाबी व्रण. फक्त उजव्या अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मधली बेचकी परक्याची असल्यासारखी झाली होती. चिमटा काढला तरी कळत नव्हतं. “जाईल हळूहळू,” बायकोला त्याने सांगितलं. आणि आखूड बाह्यांचा सदरा घालून तो दुकानात गेला.

त्याच्या खुर्चीच्या जागी डोकं धुवायचं बेसिन बसलं होतं. भिंत फोडून नळ आत नेलेला, खाली पाइप, वर नव्या फरश्या. असलं काम एका दिवसात मनात येत नाही. कुणीतरी बरंच आधी माप घेतलेलं असतं.

मास्तर बाकावर पेपर वाचत बसले होते. ते उठलेच. “अरे, आलास! हात कसा आहे?”

“बघा की. एकही नाही राहिली.”

“काय नाही राहिली?”

“गाठी.”

“गाठींचं काय घेऊन बसलास! त्या मी काय आज बघतोय? थरथर गेली का ते सांग.”

“कसली थरथर?”

मास्तरांनी धाकट्याकडे पाहिलं. “हा म्हणाला, तुझा हात थरथरतो, वस्तरा धरवत नाही. तुला विचारू नका म्हणाला, वाईट वाटेल. म्हणून तर मी त्या दिवशी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघवलं नसतं.”

धाकटा कात्री पुसत होता. पुसून झाली तरी पुसत होता.

“कोण बोलत होतं रे?” थोरल्याने विचारलं. “मला आता नावं सांग.”

“दादा, मागे चल, बोलू.”

“इथंच बोल.”

“कुणीतरी बोललंच असतं,” धाकटा म्हणाला. “आज ना उद्या. आणि तू एका दाढीला गप्पांसकट अर्धा तास लावतोस. नव्या पोरांना तेवढा दम नसतो. तुला तसं तोंडावर सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

मग मास्तर तरातरा चालत जाऊन धाकट्याच्या खुर्चीत बसले आणि स्वतःच टॉवेल गळ्याभोवती घेतला. “आमची दाढी थोरला करेल. मला अर्धा तास आहे. एक तास आहे.”

थोरल्याने फेस लावला. हात ओळखीच्या वाटेने चालले, क्षणभर त्याला बरं वाटलं. मग त्याने वस्तरा उचलला. दांडी बेचकीत टेकवली तेव्हा ती टेकली की नाही ते कळेना. त्याने खाली बघून खात्री केली. इतक्या वर्षांत वस्तरा धरल्यावर त्याला कधी हाताकडे बघावं लागलं नव्हतं. पुन्हा धरला, जरा घट्ट. घट्ट धरला तसं पातं हलायला लागलं. आरशात मास्तर उघड्या डोळ्यांनी त्या पात्याकडे बघत होते. त्यांनी मान मागे घेतली नाही. पण गळ्याजवळचा टॉवेल त्यांच्या मुठीत आवळला गेला होता.

धाकटा पुढे आला. त्याने थोरल्याच्या हातातून वस्तरा हलकेच काढून घेतला.

“सांगत होतो ना, मास्तर,” तो म्हणाला.