तिच्या नावाने उघडणारे रिपोर्ट

‘वृंदा गेलां गो…’ एवढंच तिची आई फोनवर म्हणाली. मालवणी घरांत लाडक्या लेकीला ‘ती’ म्हणत नाहीत, ‘तां’ म्हणतात. मग ती कितीही मोठी होवो. माझी मैत्रीण आणि धंद्यातली भागीदार वृंदा पन्नाशी ओलांडलेली, केस पिकलेले, चष्मा सदा नाकावर घसरलेला, पण आईच्या तोंडी शेवटपर्यंत ‘तां’च राहिली. मी नुकतीच परळच्या हॉस्पिटलातून गिरगावात घरी आले होते, अंघोळ करून परत जाणार होते. गॅसवर दूध होतं. मी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तिथेच ओट्याला टेकून खाली बसले… त्याला आता काही आठवडे झाले. तेव्हा ‘तिच्यावर चार ओळी लिहा’ म्हणणाऱ्यांना मी चांगलंच फटकारलं होतं. आता आपणहून लिहायला बसले आहे, कारण मागच्या आठवड्यात परळच्या एका लॅबमधल्या कॉम्प्युटरवरून वृंदाचं नाव मला माझ्या हाताने पुसावं लागलं, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही.

आमची ओळख दादरच्या कॉम्प्युटर क्लासातली. ती लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी. मी गिरगावातली, तोंडाची फटकळ. दोघींनी दहा ठिकाणी नोकऱ्या केल्या, मग दादरलाच एका दवाखान्याच्या वरची खोली घेऊन स्वतःचं काम सुरू केलं. रक्त तपासणाऱ्या लॅबना लागणारे प्रोग्रॅम आम्ही करतो. करतो म्हणजे… करायचो. तुम्ही रक्त देऊन येता, संध्याकाळी काउंटरवर चिठ्ठी दाखवता, तिथली मुलगी नंबर टाकते आणि पडद्यावर तुमचा रिपोर्ट उघडतो. तो ज्या चौकटीत उघडतो तिला रिपोर्ट व्ह्यूअर म्हणतात. मेलं भारी नाटकी प्रकरण! आमच्या ऑफिसात गुण्यागोविंदाने चालणार आणि लॅबच्या सर्व्हरवर नेऊन बसवलं की हमखास रुसणार. आमच्या मशीनवर त्याला लागणारं सगळं सामान आधीपासून असतं, तिथे ते नसतं. घरी आमटी झकास होते आणि कार्याच्या हॉलवर गेल्यावर कळतं की चिंचच आणलेली नाही, तसं. मी वैतागून म्हणायची, माझ्याकडे तर चालतंय! वृंदा चष्मा वर करून विचारायची, लोक रिपोर्ट घ्यायला तुझ्याकडे येणार आहेत का?

मराठी अक्षरांचं तर विचारूच नका. सर्व्हरवर गेली की कधी तुटायची, कधी त्यांच्या जागी नुसते चौकोन यायचे. त्यासाठी वृंदाने एक पेशंट जन्माला घातला होता: श्री. त्र्यंबक ज्ञानोबा र्‍हाटकर, वय बाहत्तर. जी जी जोडाक्षरं मोडतात ती सगळी एकाच माणसात कोंबलेली. तो पडद्यावर नीट दिसला की सगळी मुंबई नीट दिसणार. ‘त्र्यंबकराव आले का?’ हा आमचा रोजचा प्रश्न होता. फोन नंबराच्या जागी तिने स्वतःच्या लालबागच्या घरचा नंबर टाकून ठेवला होता. एकदा लॅबमधल्या नव्या मुलीने खरंच फोन लावला, त्र्यंबकरावांचा रिपोर्ट न्यायला या म्हणून. आईंना काही कळलं नाही, पण माणसाची अडचण नको म्हणून त्यांनी सांगून टाकलं, ‘ते गावाक गेलेत, इले की धाडतंय.’ आणि मग संध्याकाळी लेकीला हळूच विचारलं, हो त्र्यंबक कोण गो? वृंदाने लग्न केलं नव्हतं. आईंना वाटलं, पोरीने शेवटी कोणीतरी बघितला. त्याचं वय कळल्यावर त्या दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. खरं काय ते पटवायला मला पेढे घेऊन लालबागला जावं लागलं होतं.

रिपोर्टाच्या तळाशी पूर्वी एक इंग्रजी ओळ असायची, ती कोणाला कळायची नाही. वृंदाने लॅबच्या डॉक्टरांच्या मागे लकडा लावून, आकडा फारच बिघडलेला असला तर खाली मराठीत ओळ यावी अशी सोय करून घेतली: ‘कृपया ताबडतोब डॉक्टरांना भेटा.’ मी म्हटलं, ‘ताबडतोब’ काढ गं, माणूस काउंटरवरच आडवा व्हायचा. ‘लवकरात लवकर’ घाल, बरं दिसतं. यावर ती म्हणाली, ‘लवकरात लवकर लिहिलंस तर आमची माणसं गणपती झाल्यावर जातील. मी त्यांच्यातलीच आहे, मला विचार.’ शब्द तिचाच राहिला.

मागच्या वर्षी गणपतीला थोडे दिवस असताना परळच्या त्या लॅबने नवा सर्व्हर घेतला, आणि आमचा सगळा पसारा त्याच्यावर हलवायचा होता. तेव्हा वृंदा दोनेक महिने थकलेली होती. अंगात बारीक ताप, दंडावर निळे डाग. टेबल लागलं, कपाटाचं दार लागलं असं काहीबाही सांगायची. शेवटी मी तिला डॉक्टरकडे ओढत नेलं, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं आणि ते तिने त्याच लॅबमध्ये दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काउंटरच्या आत बसलो होतो, बाहेर बाकावर चिठ्ठ्या घेतलेली माणसं, आणि तशीच एक चिठ्ठी वृंदाच्या पर्समध्ये. व्ह्यूअर चालू झाल्याशिवाय तिचा रिपोर्ट आम्हाला दिसणार नव्हता, आणि तो चालू करायचा तर आम्हीच करायचा होता.

आधी नुसतंच पिवळं पान आलं, एक फाइल सापडत नाही म्हणून. मी डेटाबेस उचकत बसले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वृंदाने बघितलं तर व्ह्यूअरचा मूळ भाग नव्या सर्व्हरवर बसवलेलाच नव्हता. तो बसवला. मग चौकट आली, पण वरच्या बटणांच्या जागी लाल फुल्या आणि आत पांढरं पान. सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ हलवाहलवीत गळली होती, ती तिने घातली. मी म्हटलं, चल, चहा घेऊ. ती उठली नाही. मग परवानगीचं आलं. प्रोग्रॅम कोणाच्या तरी नावाने चालवावा लागतो, त्या नावाला रिपोर्टांच्या फोल्डरमध्ये जायची मुभा लागते. नव्या सर्व्हरवर तसं नाव कोणी केलेलंच नव्हतं आणि ते करणारा माणूस रजेवर. वृंदाने तिथे स्वतःचं लॉगिन टाकलं. तात्पुरतं टाकते, नंतर बदलू, म्हणाली. मीही मान हलवली. त्याबरोबर त्र्यंबकराव उघडले, पण सगळे चौकोन. सर्व्हरवर मराठी फॉन्टच नव्हता.

तेव्हा मी म्हटलं, फॉन्टचं उद्या बघू, आता घरी जाऊ या. आकडे तर इंग्रजीत दिसत होते, म्हणजे तिचा रिपोर्ट तसाही वाचता आला असता; मी काय बोलत होते ते माझं मलाच ठाऊक. खरं तर ते मेलं व्ह्यूअर चालू होऊ नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं. वृंदाने माझ्याकडे बघितलं. ‘शुभे,’ ती म्हणाली, ‘आपण उघडला नाही म्हणून आतलं बदलणार आहे का?’ आणि तिने फॉन्ट टाकला. त्र्यंबकराव काना-मात्रेसकट आले. बाकावरच्या सगळ्यांना तिने आधी मोकळं केलं. मग पर्समधून चिठ्ठी काढून स्वतःचा नंबर टाकला.

बिघडलेला आकडा जाड ठशात येईल, अशी आमचीच योजना होती. तिच्या रिपोर्टात नाव आणि वय तेवढं बारीक होतं. खाली तिनेच घातलेली ‘ताबडतोब’ची ओळ. ‘अक्षरं नीट आलीयत,’ म्हणाली, कागद छापून घेतला, चार घड्या करून पर्समध्ये टाकला.

मला वाटलं, आता इथून सरळ डॉक्टरकडे. तर ही बया रस्त्यावर आल्यावर मला म्हणते, गणपती झाल्यावर बघू! मी तिथेच फुटपाथवर तिला झाडली. लोक वळून बघत होते, बघू देत. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तिच्या तोंडावर म्हटलं. त्या वर्षी गावच्या घरचा गणपती करायची पाळी यांच्याकडे होती, पुन्हा पाळी यायला कितीतरी वर्षं, आणि आई तर पिकलं पान. ती ऐकून घेत होती. मी दमल्यावर म्हणाली, ‘एकदा डॉक्टरकडे गेले की मी पेशंट. आईबरोबर एक गणपती पेशंट नसताना करते. मग तू नेशील तिथे येते.’ आणि गेली. गावाहून मोदक वळत बसलेला फोटो पाठवला. मी उत्तर म्हणून नुसती डॉक्टरांच्या भेटीची तारीख पाठवली. विसर्जन करून आली ती अंगात सणसणून ताप घेऊनच.

पुढचे महिने मी लिहिणार नाही. सुया, बाटल्या, गळलेले केस, आणि हॉस्पिटलच्या खाटेवरून मला फोनवर कामं सांगणं… शिवाजी पार्कला एकदा चक्कर मारायची होती, बाकावर बसून क्रिकेटच्या नेट्समधली पोरं बघायची होती, तेवढीही जमली नाही. डॉक्टर म्हणतात, त्या दोन-तीन आठवड्यांनी कदाचित काही फरक पडला नसता. त्या ‘कदाचित’वर मी रोज डोकं आपटते. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर रागवू नये. मी रागावते. अंघोळ करताना, भाजी चिरताना, तिला मोठमोठ्याने बोलते. आमच्या पिढीत बाई मैत्रिणीला ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ असं म्हणत नाही, जीभच वळत नाही. पण माझं तिच्यावर फार प्रेम होतं, आणि ती मला हवी होती, अजून खूप वर्षं हवी होती.

मागच्या आठवड्यात त्या लॅबच्या काउंटरवरच्या मुलीचा, मनालीचा फोन आला, एकही रिपोर्ट उघडत नाही. मी गेले. पडद्यावर नुसतं ‘सेवा उपलब्ध नाही’. बाक भरलेला. मी एकेक गोष्ट तपासत गेले. मूळ भाग जागेवर, ती ओळ जागेवर, फॉन्ट जागेवर. तेवढ्यात तिथले कॉम्प्युटर सांभाळणारे नवे गृहस्थ आले. सभ्य माणूस. त्यांनी जुनी लॉगिन साफ करायला घेतली होती, जी माणसं आता नाहीत त्यांची बंद केली होती. ‘वृंदा मॅडमचं काल बंद केलं,’ ते जरा खाली बघत म्हणाले. ‘नियम आहे, मॅडम.’

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते तात्पुरतं कोणी बदललंच नव्हतं. मीही नाही, तीही नाही. म्हणजे त्या दिवसापासून तिथला प्रत्येक रिपोर्ट वृंदाच्या नावाने उघडत होता. ती पलीकडच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात हाताला सुई लावून पडली होती तेव्हाही. आम्ही तिला पोचवून आलो त्या दिवशीही. आणि त्यानंतरचे कितीतरी आठवडे, लालबाग-परळच्या कोणाची साखर, कोणाचं हिमोग्लोबिन, कोणाची आनंदाची बातमी… सर्व्हरच्या लेखी ते सगळं वृंदाच उघडून देत होती. आणि मी घरी ती नाही म्हणून भिंतीकडे बघत बसले होते.

मी त्यांना म्हटलं, ते लॉगिन पुन्हा चालू करा. जरा आवाज चढवूनच म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही. ‘करतो,’ ते म्हणाले. ‘पण किती दिवस ठेवू?’

बाकावर आमच्याच वयाची एक बाई होती, चिठ्ठीची सुरळी करत बसलेली. तिने मनालीला विचारलं, आज मिळेल ना हो रिपोर्ट? मी त्या गृहस्थांना म्हटलं, राहू दे, नका चालू करू. सेटिंग उघडलं. चौकटीत तिचं नाव होतं. एका फटक्यात पुसता आलं असतं, पण मी मागून एकेक अक्षर पुसत गेले. ‘व’ शेवटी राहिला. मग तिथे माझं नाव टाकलं. व्ह्यूअर चालू झालं, बाकावरची बाई उठून काउंटरवर आली, आणि मी तिच्या रिपोर्टात काय आहे ते न बघता बाहेर पडले. डिलाईल रोडपर्यंत चालत गेले, कुठे जायचंय ते न ठरवता. भर रस्त्यात रडले. एका भाजीवालीने मला बसायला तिची पाटी उलटी करून दिली.

दादरच्या ऑफिसात आमचं एक मशीन आहे, दोघी मिळून वापरायचो ते. सकाळी चालू केलं की पडद्यावर दोन नावं येतात, वर तिचं, खाली माझं. तिचा पासवर्ड मला माहीत आहे. हल्ली मी आधी तो टाकते. तिने सगळं मराठीत लावून घेतलं होतं, त्यामुळे पडद्यावर येतं, ‘पुन्हा स्वागत आहे, वृंदा.’ तेवढं वाचून मी बाहेर पडते आणि माझ्या नावाने कामाला बसते. त्या मशीनला कोणी काही कळवलेलं नाही, आणि मी कळवणार नाही.