थॉर्नकोट हॉलचं गार सूप

थॉर्नकोट हॉलच्या स्वयंपाकघरातून निघालेलं सूप जेवणाच्या दालनात पोचेपर्यंत गार होतं, हे स्वयंपाकीण ग्वेंडा प्रॉसरला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आता तिचे केस पांढरे झाले, गुडघा कुरकुरायला लागला, पण सूप गार व्हायचं काही थांबलं नव्हतं.

याला जबाबदार जोसाया ब्रॅडवेल. माणूस मरून शंभर वर्षं होत आली, तरी ग्वेंडा रोज त्याच्या नावानं बोटं मोडायची. हा बोल्टनचा, सुताच्या रिळांचा कारखानदार. लहानपणी सगळं कुटुंब एका खोलीत, आणि त्या खोलीत सदानकदा उकडलेल्या कोबीचा वास. पैसा आल्यावर त्यानं श्रॉपशरमध्ये एक अख्खी टेकडी घेतली, आणि घराचे नकाशे काढणाऱ्याला बजावलं, "मनोरे हवे तेवढे उभे कर, कमानी हव्या तशा टोकदार कर. पण ताट समोर यायच्या आधी जेवणाचा वास माझ्या नाकात आला, तर तू आहेस आणि मी आहे."

त्या बिचाऱ्यानं ते फारच मनावर घेतलं. स्वयंपाकघर टाकलं घराच्या उत्तर टोकाला, चर्चसारखं उंच छत देऊन. तिथून निघणारा बोळ मधल्या चौकाच्या तीन बाजूंनी फिरवला. वास वाटेतच अडावा म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर वळण, वारा खेळावा म्हणून समोरासमोर खिडक्या, आणि मधेच पायऱ्या, म्हणजे चाकांची गाडी ढकलायचीही सोय नाही. शेवटी हिरव्या लोकरी कापडानं मढवलेलं जाडजूड दार. ते दार ओलांडलं की मालकांचं जग सुरू. खरं तर चौकाच्या पलीकडे समोरच जेवणाच्या दालनाची भिंत होती, बटाटा फेकला तर आपटेल इतकी जवळ. पण त्या भिंतीला ना खिडकी ना दार. जेवताना पाहुण्यांना नोकर दिसता कामा नयेत.

ब्रॅडवेलच्या काळात हे खपून गेलं. धावायला तरणी पोरं होती, आणि दालनाला लागून एक छोटी खोली होती, तिथे वाफेवर तापणाऱ्या लोखंडी कपाटात पदार्थ पुन्हा गरम व्हायचे. पुढे घर जुन्या वास्तू जपणाऱ्या ट्रस्टकडे आलं, आणि त्या खोलीत बायकांचं स्वच्छतागृह झालं.

"आता तिथे फक्त हात गरम होतात," वाढपाचं काम करणारी लोर्ना म्हणायची. "हात वाळवायच्या यंत्राखाली धरले की."

दालनात शेगडी ठेवायचीही बंदी, कारण भिंतींवरच्या नक्षीदार चामड्याला वाफ लागेल. म्हणून ग्वेंडानं त्या कोऱ्या भिंतीत एक दार मागितलं होतं. साधं, एका माणसापुरतं. चौक ओलांडला की टेबल. दर गुरुवारी ट्रस्टच्या मंडळींचं आणि पाहुण्यांचं जेवण असे. लोर्नानं नाताळनंतर ट्रे उचलणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं, आणि ग्वेंडाचा गुडघा तर आत्ताच उचलू देत नव्हता. दार झालं नाही तर गुरुवारची जेवणं बाहेरच्या कुणाकडून गार सँडविच मागवून होणार, आणि ग्वेंडा घरी बसणार. तिला घरी बसायचं नव्हतं. घरी तिचा नवरा होता.

जुन्या इमारतींत फेरफाराची परवानगी देणारा सरकारी अधिकारी, मिस्टर टॅलिस, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी पुन्हा आला. सडपातळ, सभ्य, बोलण्याआधी चष्मा पुसणारा.

"मिसेस प्रॉसर, ती कोरी भिंत म्हणजेच हे घर आहे हो. तिच्यात दार पाडलं की उरतात नुसत्या विटा. गरज फार मोठी असेल तरच विचार करता येईल."

"मग बसा जेवायला," ग्वेंडा म्हणाली. "सूप तुम्हाला सांगेल. आणि शेजारच्यांनाही विचारा."

तिनं लीक नावाच्या जाड कांदापातीचं आणि बटाट्याचं सूप असं उकळतं ओतलं की लोर्ना मागे सरली. लोर्ना ट्रे घेऊन गेली. ग्वेंडा टेबलाला टेकून वाट बघत राहिली.

लोर्ना परत आली. "विचारलं त्यानं सगळ्यांना."

"मग?"

"छान म्हणाले."

"कोण?"

"सगळेच. लेडबेटरबाई तर म्हणाल्या, फारच छान."

ग्वेंडानं डाव खाली आपटला. ही माणसं! पावसात उभी राहून हवा छान म्हणतात, पाय तुडवणाऱ्याची स्वतःच माफी मागतात. इतकी वर्षं तिचं गार सूप गिळून एकानंही तोंड वाकडं केलं नव्हतं. आज निदान एका माणसानं, एकदाच, खरं बोलायचं होतं!

ती एप्रनवरच निघाली. वळणं घेत, पायऱ्यांवर गुडघा दाबत, हिरवं दार खांद्यानं ढकलून थेट दालनात. चमचे थांबले. स्वयंपाकाचा एप्रन घातलेलं माणूस त्या दारातून जेवणाच्या वेळी कधी आलं नव्हतं.

"खरं सांगा," ती धापा टाकत म्हणाली. "गार आहे की नाही?"

ट्रस्टच्या अध्यक्ष लेडबेटरबाई मायेनं म्हणाल्या, "अहो ग्वेंडा, चूक माझीच. मी बोलत बसले, म्हणून जरासं कोमट झालं."

"नाही नाही, माझी चूक," शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले. "मी पाव मागितला ना मधेच."

"खिडकीजवळ मी बसलेय, वारा माझ्यामुळे अडला नाही," तिसरी म्हणाली.

"अहो, मी माफी मागत नाहीये!" ग्वेंडा ओरडली. "आणि तुम्हीही मागू नका! सूप गार आहे, आणि चूक या घराची आहे! आता मी काही आणणार नाही. ज्याला गरम हवं त्यानं आपला वाडगा घ्यावा आणि यावं माझ्यामागे."

आता ही मंडळी रागावतील, असं तिला वाटलं. पण लेडबेटरबाई वाडगा घेऊन उठल्या, आणि क्षणात त्यांच्यामागे नीट रांग लागली. न सांगता. टॅलिसही रांगेत.

स्वयंपाकघरात ग्वेंडानं सगळ्यांना पुन्हा वाढलं, आणि टॅलिसला मुद्दाम पुढे घातलं. "जा घेऊन. न सांडता."

तो निघाला. वाडगा काठोकाठ, बोटं भाजतायत, खिडक्यांतून नोव्हेंबरचा वारा. पहिलं वळण कसंबसं पार पडलं. दुसऱ्या वळणावर पायऱ्या आल्या. तिथे तो थांबला. वाडग्याकडे पाहिलं, पुढच्या लांबलचक बोळाकडे पाहिलं, वाडगा खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवला आणि उभ्यानंच सूप प्यायला लागला. मागचे थांबले. रांग मोडून पुढे जाणं कुणाच्या रक्तातच नव्हतं. मग त्यांनीही तिथेच सुरू केलं. ट्रस्टची सगळी प्रतिष्ठित मंडळी नोकरांच्या बोळात, भिंतीला पाठ लावून, फुरके मारत जेवली.

"पुढे नेलं असतं तर गार झालं असतं," टॅलिस हळूच म्हणाला. चष्मा वाफेनं पांढरा झाला होता, पण या वेळी त्यानं तो पुसला नाही.

"लिहा तसं," ग्वेंडा म्हणाली.

"लिहितो. पण दार नाही देता येणार, मिसेस प्रॉसर. मला मनापासून वाईट वाटतं."

ग्वेंडाच्या तोंडात जे आलं ते तिनं गिळलं. रिकामे वाडगे घेऊन सगळे परत फिरले, आणि स्वयंपाकघराशी पोचताच लेडबेटरबाईंनी बाजूचं एक दार ढकललं. नोकरांची जेवायची खोली. लांब टेबल, बाक, वर पर्यटकांना विकायच्या चित्रकार्डांची खोकी रचलेली, आणि स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच.

"आपण इथेच बसलो तर?" त्या म्हणाल्या. "टेबलाला तर परवानगी लागत नाही ना?"

"टेबल आधीच आहे," टॅलिस चटकन म्हणाला. त्याला फारच बरं वाटलेलं दिसलं.

ग्वेंडा त्या बाकांकडे बघत राहिली. रोज याच खोलीवरून ती गेली होती, ब्रॅडवेलला शिव्या देत. पाहुणे हिरव्या दाराच्या अलीकडे बसू शकतात हे ब्रॅडवेलला सुचलं नव्हतं हे ठीक, पण तिलाही सुचलं नव्हतं. त्याचाच तिला सर्वांत जास्त संताप आला.

"नाताळनंतरही येणार ना मग?" लोर्नानं कानाशी विचारलं.

"तू आलीस तर."

"इथून तिथे तर वाडगा नुसता सरकवायचाय. येते की."

पुढच्या गुरुवारी मंडळी तिथे जेवली. जेवण झाल्यावर कुणी हिरव्या दाराकडे वळेना. लेडबेटरबाई बाह्या सरसावून मोरीशी आल्या आणि तेलकट कढई नुसत्या गार पाण्यानं विसळायला लागल्या. म्हातारे गृहस्थ पुसलेले चमचे सुऱ्यांच्या खणात टाकत होते. आणखी तिघं मदत करायला दारात गर्दी करून उभी होती, एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत.

"अहो, बाहेर व्हा!" ग्वेंडा कपाळाला हात लावून ओरडली. "सगळे बाहेर! आणि ती कढई ठेवा खाली, लेडबेटरबाई, ती अजून धुतलेलीच नाहीये!"