पिकून गोड झालेलं मीठ

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली तर मी ती चारदा उलटून बघते, आणि कोणी उगाच गोड बोललं तर आधी पर्स चाचपते. तरीही ती नोकरी मी दीड वर्ष केली, याचा मला आजही राग येतो.

ऑफिस रोह्याला स्टेशनजवळ, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. पाटीवर 'निर्यात सल्लागार' असं लिहिलेलं, पण निर्यातीचा एकही कागद मी तिथे पाहिला नाही. मी पेणहून गाडीने जायची. काम होतं लिहिण्याचं. कुठल्याशा परदेशातल्या किनाऱ्यावरची माणसं आपली दुःखं सांगताहेत, असं लिहायचं. साहेब म्हणायचे, "खेड्यातल्या माणसाच्या तोंडचं वाटलं पाहिजे. तुम्ही मराठीत लिहा, भाषा आम्ही बदलून घेतो." देशाचं नाव कधी सांगितलं नाही. प्रत जवळ ठेवायची नाही, फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा. महिन्यातून एकदा एक पाहुणे येत, कागद वाचत आणि चहा न घेता जात. ते असेपर्यंत साहेब खुर्चीत बसत नसत. पाणी कुठेतरी मुरतंय हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. हे कुठल्यातरी गुप्तहेर खात्याचं काम असणार, असा माझा तर्क. आपल्या की दुसऱ्या कोणाच्या, ते आजही ठाऊक नाही. विचारलं असतं तर नोकरी सोडावी लागली असती, म्हणून विचारलं नाही.

एकदा साहेबांनी विषय दिला. समुद्राचं पाणी अडवणारा बांध तिथल्या सरकारनेच माणसं पाठवून फोडला, असं एका मिठागर कामगाराच्या बायकोने सांगायचं. मला जास्त विचार करावा लागला नाही. माझे वडील आमच्या खाडीकाठच्या मिठागरातच राबलेले. माझ्या लहानपणी एकदा भर दुपारी उधाण आलं आणि बांधाला खांड गेली. खांड म्हणजे भगदाड. वडील आणि आणखी चौघं त्या खांडीत उभे राहिले, पाठीने पाणी अडवत, आणि बाकीचे मागून चिखल लोटत होते. पाणी छातीला लागलं तेव्हा वडिलांनी कमरेची तंबाखूची चंची सोडवली, बांधावरच्या आईकडे फेकली आणि ओरडले, "ही भिजू देऊ नको गो." खांड काही बुजली नाही. पिकलेलं मीठ सगळं गेलं. आई ही गोष्ट इतक्यांदा सांगायची की चंचीपाशी आली की तिचे हात झेलायला आपोआप वर जायचे.

मी ती जशीच्या तशी उतरवली. फक्त एक वाक्य पदरचं घातलं: 'सकाळी सरकारची माणसं पहारी घेऊन बांधावर आली होती.' पाहुण्यांनी वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा चहा मागितला.

काही महिन्यांनी बातम्यांत कुठल्यातरी देशातले किनाऱ्यावरचे लोक मंत्र्याच्या घरावर चालून गेलेले दिसले. तो हाच देश होता की नाही, देव जाणे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण पुढच्याच आठवड्यात आईच्या तब्येतीचं कारण सांगून काम सोडलं. आई ठणठणीत होती.

त्यानंतर वर्षभराने, पेणला रामवाडीच्या आमच्या घरी आई बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती. शेजारीण फोन घेऊन आली. "मावशी, आयका. आपल्या खाडीची खरी हकीकत आलीय ग्रुपवर." आणि ती वाचू लागली. परक्या देशाचं नाव काढून कोणीतरी आमच्या खाडीचं घातलं होतं. मध्येच एक वाक्य आलं: 'त्या वर्षी मीठ पिकून गोड झाले होते.'

आई हसली. "मीठ पिकून गोड कसा व्हईल गो? कुना येड्यानं लिवलाय?"

मला हसू आलं नाही. मीठ तयार झालं की ते 'पिकलं' म्हणायचं, हे आमच्याकडचं बोलणं, आणि ते मीच लिहिलं होतं. परभाषेत जाताना कोणीतरी त्याचा आंबा केला असणार, आणि मराठीत परत येताना तो गोड झाला. मग चंची आली, आणि आईचे हात थांबले. शेजारीण पहारीपर्यंत सगळं वाचून गेली.

आईने वालाचं ताट बाजूला सारलं. "चंची तर तुझ्या बापसाचीच. म्हंजे लिवनारा तवा तिथं व्हता."

"कोणाकडून ऐकलं असेल," मी म्हटलं.

"मंग पहारी बी त्यानं बगितल्या असतील. मी दुपारची गेलते भाकरी घेऊन. सकाळी कोन आला, कोन गेला, मना काय ठाव?"

त्या दिवसापासून तिची गोष्ट बदलली. आधी त्या गोष्टीत फक्त उधाण होतं. आता ती त्या चौघांची एकेक करून नावं घ्यायची आणि त्यातला कोण पहारीवाल्यांना सामील होऊन सकाळी लवकर बांधावर गेला होता, ते आठवत बसायची. वडील त्या वर्षी खचले ते खचलेच, पण तिने त्याचा दोष कधी कोणाला दिला नव्हता. चौघांतला आता एकच हयात आहे. दर वर्षी तो आईला सुकट आणून देतो. या खेपेला तिने पिशवी हातात घेतली नाही. म्हातारा दारातच थोडा वेळ उभा राहिला, मग पिशवी घेऊन परत गेला. मला ते बघवलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. रोह्याचं ऑफिस, साहेब, ते पाहुणे. "बांध उधाणानंच फुटला, आई. तू सांगायचीस तेच खरं. पहारी मी घातल्या. माझ्या मनाने."

तिने सगळं ऐकून घेतलं. मी फुकटच्या कोथिंबिरीकडे बघते ना, तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून दार लोटलं आणि हळूच विचारलं, "असा बोलायला तुला कुनी सांगितला गो?"