चार महिने पुरलेली पत्रावळ

स्वयंपाकघराच्या दारामागे प्रत्येकीकडे एक फुगलेली पिशवी टांगलेली असते. तिच्यात नुसत्या पिशव्याच कोंबलेल्या. टाकवत नाहीत आणि वापरायचं लक्षात राहत नाही. आमच्या महिला भजनी मंडळाचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. आज थोडे बाहेर काढते. तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं, पूर्वी.

सुरुवात माझ्या नेमापासून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांचा अंबडचा कारखाना बंद पडला. हे घरी बसून होते, आणि बसलेला पुरुष घरात किती मोठा दिसतो ते मला तेव्हा कळलं. मी देवापुढे बोलले, "ह्यांना काम लागू दे. दर चातुर्मासात मी पानावर जेवीन." ज्येष्ठात ह्यांना दुसरीकडे काम लागलं. आषाढी एकादशी पंधरा दिवसांवर, आणि पत्रावळी कुठे मिळतात तेच मला माहीत नव्हतं!

रविवार कारंजापाशी फुटपाथवर सोनाबाई सापडली. पेठकडच्या डोंगरातली. पळसाच्या पत्रावळींचा भारा घेऊन पहाटेच्या एस.टी.ने यायची. शेजारी तिची मुलगी मंगल, तेव्हा चौथीत. बांबूच्या काडीनं पान पानाला टाचत बसलेली. मी म्हटलं, पोरीची शाळा नाही का आज? सोनाबाईनं मान वर न करता सांगितलं, "पानं खपली तर मंगल साळंत. नाय खपली तर दिवाळीमागं समदी द्राक्षाच्या बागंत. मंगी बी."

नेम ह्यांच्यासाठी बोलले होते. पण त्या दिवसापासून तो मंगलसाठीही झाला.

* * *

एकटीच्या जेवणानं भारा थोडाच संपणार! मी मंडळात विषय काढला. आमच्या अध्यक्ष मालतीताईंना कल्पना फार आवडली. त्यांनी वहीच उघडली. प्रत्येकीनं चातुर्मासात निसर्गासाठी एक नेम धरायचा. कुणी पानावर जेवायचा धरला, कुणी निर्माल्य नदीत न टाकायचा, कुणी नळ वाहता न ठेवायचा.

पाटीलवहिनींनी धरला कॅरीबॅगला हात न लावण्याचा. आठच दिवसांत मला त्या भाजीबाजारात दिसल्या. मागे पाटीलसाहेब, दोन्ही हातांत चार-चार कॅरीबॅगा. मी नुसतं बघितलं. वहिनी म्हणाल्या, "नेम माझा आहे. ह्यांचा नाही."

* * *

पानाचा नेम मंडळातल्या अकराजणींनी धरला होता. सोनाबाईला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, भारे आण. तिनं आणले. श्रावण अर्धा उलटला तरी माझ्या व्हरांड्यातला भारा हलेना. मंगळवारी भजनानंतर मी विचारलं, अहो, पत्रावळी नको का कुणाला?

पाटीलवहिनींच्या जाऊबाई म्हणाल्या, आहे की, पहिलीच चाललीय अजून.

पहिलीच? दुसऱ्या दिवशी काही निमित्त काढून मी जेवणाच्या वेळेला त्यांच्याकडे गेले. जाऊबाई पाटावर बसलेल्या. समोर पत्रावळ. तिच्यावर स्टीलचं ताट. ताटात वरणभात.

"आमटी गळते हो पानातून," त्या म्हणाल्या. "पण खाली पान आहे ना?"

ती एक पत्रावळ त्यांना कार्तिकीपर्यंत पुरली. नंतर कळलं, बाकीच्या नऊजणींनीही त्यांचंच बघून तसंच केलं होतं. उरलेला भारा मी घेतला. आम्ही घरची चौघं होळीपर्यंत पानावर जेवत होतो. हे म्हणाले, चातुर्मास तुझा भलताच लांबला. पण मंगल त्या वर्षी शाळेत राहिली.

* * *

निर्माल्याचंही ऐका. मालतीताईंनी रामकुंडाकडे जाणारी निर्माल्याची पिशवी बंद करायची ठरवली. कॉलनीच्या बागेत खड्डा केला, नारळ फोडला, फोटो काढला. फुलं खड्ड्यात, खत झाडांना. सगळ्याजणी रोज नेमानं निर्माल्य आणून टाकायला लागल्या. मला फार बरं वाटलं. गोदामाईला तेवढाच मोकळा श्वास.

दोन वर्षांनी खत काढायला माणूस लावला. त्यानं फावडं मारलं नि थांबला. आत कॅरीबॅगा. एकीवर एक, प्रत्येकीला पक्की गाठ, आत काळा पडलेला झेंडू लोणच्यासारखा मुरलेला. कुणी पिशवी सोडून फुलं टाकलीच नव्हती.

मालतीताईंनी वाकून बघितलं. "बघा," त्या म्हणाल्या, "किती व्यवस्थित बांधायच्या आपल्या बायका."

* * *

एका उन्हाळ्यात पाणी एक दिवसाआड यायचं. पाणी वाचावं म्हणून मालतीताईंनी घरी भजन ठेवलं. आम्ही गोदामाईची आरती म्हणत होतो आणि बाहेर त्यांची कामवाली पाइप लावून अंगण धूत होती. आरती संपेपर्यंत पाणी गेटबाहेर गेलेलं. मी हळूच म्हटलं, ताई, नळ.

त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. "आज आमचा पाण्याचा दिवस आहे, सुमन."

* * *

ह्या सगळ्यावर मी हसले. घरी येऊन ह्यांना नक्कल करूनही दाखवली. पुढचं सांगताना मात्र नक्कल जमत नाही.

नेमाला पाच वर्षं झाली तेव्हा मंडळानं सामुदायिक उद्यापन करायचं ठरवलं. मोठी पंगत, भटजी, सवाष्णी. पानाच्या नेमाचं उद्यापन पानावरच होणार, हे मी गृहीतच धरलं. कुणाला न विचारता सोनाबाईला सांगून आले, सगळी पंगत तुझी. मंगल तेव्हा नववीत होती. सोनाबाई म्हणाली, एवढी पानं गेली तर ह्या साली बागंत जायाचं कामच नाय. मायलेकींनी पंधरा दिवस टाचलं.

उद्यापनाच्या दिवशी दोघी दोन भारे डोक्यावर घेऊन मंदिराच्या हॉलवर आल्या. आत पाटांसमोर थर्माकोलच्या ताटल्या मांडून झाल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, कप्प्याकप्प्यांच्या.

मालतीताई म्हणाल्या, "अगं, पानांतून ओघळतं. एवढ्या बायका पैठण्या नेसून येणार. भारे तिकडे चपलांपाशी ठेवायला सांग."

मी काय केलं, सांगू? मी सोनाबाईला भारे चपलांपाशी ठेवायला सांगितले. देवाच्या कार्यात वाद नको, असं मनाला म्हटलं. मनानं ते लगेच ऐकलं.

शेवटच्या पंगतीला मायलेकींना बसवलं. सोनाबाई जेवली, उठली, आणि ताटली घेऊन नळावर गेली. राखेनं हलक्या हातानं घासली, पदरानं पुसली. पाटीलवहिनी हसल्या. म्हणाल्या, अगं, ती धुवायची नसते, फेकायची असते.

सोनाबाईनं ताटली उलटसुलट करून पाहिली. "फेकायची? नवी हाय की." आणि ती पदराखाली घेऊन गेली. भारे तिथेच राहिले. पानांचं मला जमलं तेवढं मी दिलं, तिनं ते घेतलं. पण पुढच्या वर्षी इथे पानं कुणाला नकोत, ते तिला कळलं होतं. महिन्याभरानं दिंडोरीकडून येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, मायलेकी बागेत दिसल्या. मंगलची नववी सुटली ती सुटलीच.

त्या कार्तिकात मी एक नेम वाढवला. फेकायच्या ताटलीत जन्मभर जेवायचं नाही. किती लग्नांतून, मुंजींतून मी नुसतं पाणी पिऊन परतले! लोक म्हणायचे, सुमनवहिनींना भारी सोवळं. मी सांगत बसले नाही. नेम पाळत होते खरी, पण चपलांपाशी ठेवलेले भारे काही डोक्यातून जात नव्हते.

* * *

चार वर्षांनी वैशाखात सोनाबाई दारात. मंगलचं लग्न. "तुमी यायचंच, ताई."

मी आणि हे एस.टी.नं गेलो. पेठच्या पुढे उतरून पायवाट. मांडवामागे पळस कोवळ्या पानांनी भरलेला. अंगणात पंगत बसलेली, सगळ्यांपुढे ताज्या हिरव्या पत्रावळी. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कितीतरी दिवसांनी परक्या घरी पोटभर जेवणार होते. पंगतीत बसले आणि पान येण्याची वाट बघत राहिले.

सोनाबाई मात्र झोपडीत गेली. लुगड्याच्या घडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आली. घडी उलगडली. आत आमच्या उद्यापनातली ताटली. एक कोपरा तुटलेला, बाकी पांढरीशुभ्र. तिनं ती माझ्यापुढे ठेवली, पदरानं पुन्हा एकदा पुसली.

"जपून ठेवली व्हती," ती म्हणाली. "तुमाला पानावर कसं बसवू, ताई?"

मंगल हळदीच्या अंगानं उठून स्वतः भात वाढायला आली. तिच्या हातावर बागेतल्या औषधाचे डाग होते.

मी जेवले. सगळं जेवले. मग ताटली घेऊन मीच नळ शोधत गेले. नळ नव्हता. हंड्यातलं पाणी घेऊन घासली, पुसली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती पुन्हा लुगड्यात ठेवली.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या आषाढी एकादशीला तुम्हीही माझ्यासारखा एक नेम धरा. चार महिने जमत नसेल तर एका पंगतीचा धरा, देव तेवढ्यावरही पावेल. आणि पानांचा भारा घेऊन कुणी दाराशी आलं, तर तो चपलांपाशी ठेवायला सांगू नका.