आयिनच्या सालीची परीक्षा

आमच्या सासूबाई इबादानच्या बोडे बाजारात चाळीस वर्षं झाडांच्या साली विकतात. अक्षरशत्रू, पण बोलण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. त्यांची जखमा धुवायची आयिनची साल तपासणीला आली, ती नेमकी माझ्याच टेबलावर. स्पिरिटमध्ये अर्क काढला, जंतूंच्या बशीत थेंब टाकला. औषधात दम असेल तर थेंबाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. इथं कडं कसलं न् काय! अहवालात शेरा जाणार होता ‘निरुपयोगी’, आणि तो लिहिणार जावई.

बायकोच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी सासूबाई प्रयोगशाळेच्या दारात. मी पांढऱ्या कोटासकट जमिनीवर लोटांगण घातलं. आमच्यात सासूपुढे दुसरं काही चालत नाही.

“उठा जावईबापू. साल कशात भिजवलीत?”

“स्पिरिटमध्ये, इया.” आमच्यात आईला इया म्हणतात, सासूलाही.

“माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी स्पिरिट असतं होय? आंबवलेल्या मक्यावरचं आंबट पाणी लागतं, तेही तीन दिवस. माझ्या लेकीनं काय बघून पसंत केलं तुम्हाला, देव जाणे.”

पाण्याचा डबा त्यांनी सोबतच आणला होता. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, डॉक्टर अदेगोके, हसू दाबत उभे होते. त्यांच्याकडे वळून इया म्हणाल्या, “नुसत्या पाण्याचाही वेगळा थेंब टाका. नाहीतर उद्या म्हणाल, गुण पाण्याचाच.” डॉक्टरांचं हसू मावळलं. पोरांना एवढंच शिकवताना त्यांचं अर्धं वर्ष जातं.

निकालाच्या दिवशी इया बाजार सोडून आल्या. जखमेत पू करणाऱ्या जंतूंची बशी उघडली. नुसत्या पाण्याभोवती जेमतेम रेघ, सालीच्या थेंबाभोवती अठरा मिलिमीटरचं लख्ख कडं. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या बशीत मात्र काहीच उमटलं नव्हतं. म्हातारीचा हिरमोड कशाला, म्हणून ती मी हळूच मागे सरकवली. इयांनी मनगट धरलं.

“लपवता काय? कशाचे जंतू हे?”

“हगवणीचे.”

“मग लिहा की, उपयोग नाही म्हणून. हगवणीला ही साल मी आजवर एकालाही दिलेली नाही.”

डॉक्टरांनी आपली खुर्ची पुढे ओढून त्यांना बसवलं. मी दोन्ही निकाल जसेच्या तसे लिहिले. अशी सासू आहे माझी, आणि हे मी अख्ख्या इबादानला सांगत फिरतो.