गुरुवारचा चिरूट
कंपनीला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी दादू फिटर रमचा एक ग्लास घेई, साहेबाने दिलेल्या चिरुटाचे चार झुरके मारी आणि जळकं टोक अडकित्त्याने कापून ठेवी.

या गुरुवारी त्याच्या मुलीला बघायला तळेगावचे पाहुणे चारला येणार होते. ते अकरालाच दारात उभे राहिले. दादूच्या बायकोने, कुशाबाईने, ग्लास पदराआड घेतला, पण वास राहिलाच.

"हा धूर चुलीचा न्हाई, वहिनी," मुलाचे वडील उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

दादूने मान खाली घातली. जमत आलेली सोयरीक मोडणार होती. कुशाबाईने ग्लास आणि चिरूट त्यांच्यासमोर ठेवले.

"गुरुवारी ह्यो एक ग्लास नि चार झुरके, बाकी काय न्हाई. चिरूट दिवाळीला एकच मिळाला. संक्रांत झाली, अजून अर्धा हाय. बघा."

पाहुण्यांनी चिरूट निरखला. मग चपला काढल्या.

"मुलीला बोलवा."